कै. डॉ. सखाराम अर्जुन

पावसाळ्यात मेळघाटच्या रानात कळलावीची तांबडी-पिवळी फुले उमलतात. या वेलीचा कंद प्राणघातक विषारी असून तिला पुष्कळ ठिकाणी बचनाग असेही म्हणतात. परंतु हिमालयाकडून बाजारात येणारे बचनाग हे अगदी निराळ्या वनस्पतीचे मूळ होय. दोहोंचे कूळ निराळे, विष निराळे, नाव मात्र एकच! अमरावतीच्या वैद्याने एक मनात धरून चिठ्ठी लिहिली आणि अकोल्याच्या दुकानदाराने दुसऱ्याची पुडी बांधली, तर रोग्याची गत काय होईल? वनस्पतींचे वर्गीकरण हा रिकामटेकड्या पंडितांचा विरंगुळा आहे असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

ज्या महाराष्ट्रीयांनी हा विचार फार पूर्वी केला, त्यांत डॉ. सखाराम अर्जुन यांचे नाव अग्रभागी घातले पाहिजे. त्यांचा जन्म १८३९ सालचा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वैद्यकाचे शिक्षण घेऊन पुढे तेथेच त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकविले, आणि मराठीतून वैद्यकाचे ग्रंथही लिहिले. १८७९ साली त्यांनी मुंबईच्या बाजारातील औषधींची यादी इंग्रजीत प्रसिद्ध केली. हे काम दिसते तितके सोपे नव्हे. वनस्पतीची जात ठरते ती मुख्यत्वे फुलाच्या पाकळ्या, केसर व बीजकोश पाहून. आणि गांधियाच्या दुकानी मिळते ते वाळके मूळ, साल किंवा काटकी. अशा पदार्थांस शास्त्रीय नाव देऊन देशी नावाशी त्याची सांगड घालणे, याला डोळसपणा व चिकाटी ही दोन्ही लागतात. पुढे १८८३ च्या सप्टेंबरात मुंबईची निसर्गेतिहास संस्था निघाली. तिच्या आठ संस्थापकांत एतद्देशीय दोघेच, एक डॉ. आत्माराम पांडुरंग, दुसरे डॉ. सखाराम अर्जुन.

परंतु हा गृहस्थ झाडे तपासून स्वस्थ बसणारा नव्हता. त्यांनी जयंतीबाई या विधवेशी विवाह केला व तिची मुलगी रखमाबाई हिला आपल्या घरी वाढविले. रखमाबाईचे लग्न अकराव्या वर्षीच झाले होते. तरी सासरी पाठविण्याची घाई न करता त्यांनी तिच्या विद्याभ्यासास आश्रय दिला. १८८४ साली नवऱ्याने तिच्यावर फिर्याद केली व सारा समाज खवळून उठला. पण या घरचे दार तिला बंद झाले नाही. १६ एप्रिल १८८५ रोजी, खटल्याचा पहिला निकाल लागण्यापूर्वीच, डॉक्टर निवर्तले. १८८७ साली सासरी जा नाहीतर तुरुंगात जा असा हुकूम झाला, तेव्हा रखमाबाईने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. पुढे विलायतेत शिकून ती डॉक्टर झाली. बाजारातील नावावर न विसंबता वस्तू पारखून घेणाऱ्या या मनुष्याने रूढीच्या बाबतीतही तोच न्याय लावला, हे त्यांच्या चरित्राचे मर्म होय.

आता आपल्या वऱ्हाडाकडे पाहू. अकोला जिल्ह्यातील वनस्पतींचा शास्त्रीय ग्रंथ १९८८ साली निघाला, ही समाधानाची गोष्ट. पण शास्त्रीय नावे झाली म्हणून लोकांच्या नावांचे काम संपले असे नाही. मेळघाटचे कोरकू स्त्रीपुरुष कोणता कंद शिजवून खावा व कोणता टाळावा हे पिढ्यान्पिढ्या जाणत आले आहेत. म्हातारी माणसे गेली की ते ज्ञानही जाते. आणि आम्ही सुशिक्षित त्यांना अडाणी म्हणून मोकळे! अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांतील तरुणांनी वही घेऊन त्यांच्या पायाशी बसावे, फुलासकट नमुना घ्यावा, त्यांनी सांगितलेले नाव जसेच्या तसे टिपावे, आणि सांगणाऱ्याच्या संमतीने त्याचे नावही लिहावे. ज्ञान ज्याचे, श्रेयही त्याचेच.

अकराव्या वर्षी मुली उजविण्याची रूढी कायद्याने निंद्य ठरविली, तरी बालविवाह अजून समूळ नाहीसे झालेले नाहीत. डॉक्टरांचे स्मरण करावयाचे तर रानात वही आणि घरात धैर्य, दोन्ही हवीत. एकाने भागणार नाही.