पटकीचं विष शोधणारे डॉक्टर

पटकी हा शब्द मी येळ्ळूरला आज्जीच्या तोंडून ऐकला. साथ आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचा, ही आपल्या मुलखातली जुनी रीत. पटकी, म्हणजे कॉलरा, माणसाला नेमकी कशी मारते हे दाखवून देणारे डॉ. शंभुनाथ डे मला भेटले ते मात्र जीवशास्त्राच्या अभ्यासात.

त्यांचा जन्म १९१५ सालचा, बंगालच्या हुगळी जिल्ह्यातला. घरची परिस्थिती बेताची. कोलकात्यात ते डॉक्टर झाले, लंडनला जाऊन १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली आणि परत कोलकात्यालाच आले. याच शहरात १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी पटकीच्या जंतूवर काम केलं होतं. जंतू विष सोडत असावा, हा त्यांचा अंदाज. पण सत्तर वर्षं ते विष कुणाला सापडलं नाही. संशोधक जंतू प्राण्यांच्या रक्तात नाहीतर पोटाच्या पोकळीत टोचत राहिले. डेंनी सरळ विचार केला. रोग आतड्याचा, तर बघायचं आतड्यातच.

१९५३ मध्ये त्यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात जंतू सोडले. तुकडा पाण्यानं टम्म फुगला. १९५९ मध्ये जंतू गाळून काढलेला नुसता द्रव सोडला, तरी तेच घडलं. म्हणजे काम जंतूचं नव्हे, त्यानं सोडलेल्या विषाचं!

पुढं इतरांनी या विषाची करणी उलगडली. जंतू आतड्याच्या पेशीत शिरतच नाही; तो बाहेर चिकटून बसतो, आत जातं ते विष. पेशीतला एक स्विच ते चालूच ठेवतं. निरोपाचं काम करणारा सीएएमपी हा रेणू वाढत जातो, क्षार बाहेर पडतात आणि त्यांच्या मागं पाणी. हाच निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचतो आणि काही जनुकांचं काम बदलतो. पेशी मरत नाही, परक्याच्या हुकमानं वागते. साखर आणि मीठ एकत्र शोषून घेण्याची तिची वाट मात्र उघडी राहते. म्हणून तर साखर-मिठाचं पाणी पाजून रोगी वाचतो.

जोशुआ लेडरबर्ग यांनी डेंचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं. ते मिळालं नाही. देशातही मोठा मान वाट्याला आला नाही. १९८५ मध्ये ते गेले. कॉलेजच्या साध्या प्रयोगशाळेत, एका सशावर आणि एका नेमक्या प्रश्नावर एवढं काम होऊ शकतं, हे आपल्यासारख्या गावाकडून आलेल्या पोरापोरींनी ध्यानात ठेवावं, असं मला वाटतं.