गाडीचं मिसिंग आणि सोइचिरो होंडा: इंजिन ओळखणारा माणूस कुठे चुकला?

चंद्रपूरहून मूल, सावली करत गडचिरोलीला जाणारा रस्ता तुम्ही पाहिला असेल. बराचसा जंगलाचा, मोबाईलला रेंज येते-जाते, आणि शेवटी वैनगंगेचा पूल. मागच्या पावसाळ्यात याच रस्त्यावर माझी गाडी थांबली की बंद पडायला लागली. अंधार पडत आलेला आणि मागच्या सीटवर आई.

गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक, पण मी हौसेनं मॉडिफाय केलेली. मोठी थ्रॉटल बॉडी, वेगळा इनटेक मॅनिफोल्ड, फ्री-फ्लो सायलेन्सर. पळताना एकदम झकास. उभी राहिली की आरपीएमचा काटा ६०० ते १,१०० मध्ये नाचायचा. आपल्याकडे मिस्त्री याला ‘मिसिंग’ म्हणतात. दोन महिने मी नुसता आवाज ऐकून अंदाज बांधले. प्लग बदलले, कॉइल बदलली, इंजेक्टर साफ केले. शेवटी लॅपटॉप लावून ईसीयूमध्ये आयडलचा आरपीएमच वाढवून ठेवला. म्हणजे बग तसाच, फक्त एरर मेसेज लपवला!

त्याच दिवसांत सोइचिरो होंडा यांचं चरित्र वाचत होतो. १९८५ पासून गावोगावी दिसू लागलेल्या हिरो होंडामुळे हे नाव आपल्या घरातलंच. पण माणूस कोण होता, हे मला फारसं माहीत नव्हतं.

होंडांचा जन्म १९०६ चा, जपानमधल्या हमामात्सुजवळच्या एका खेड्यातला. वडील लोहार, सायकलीही दुरुस्त करायचे. १५ व्या वर्षी मुलगा टोकियोतल्या एका गॅरेजात कामाला लागला. सुरुवातीला हातात पाना नाही, मालकाचं बाळ आलं. पण हळूहळू काम मिळत गेलं. १९२४ मध्ये त्या गॅरेजनं विमानाचं इंजिन गाडीला बसवून रेसिंग कार बनवली आणि तिनं शर्यत जिंकली. ड्रायव्हरशेजारी मेकॅनिक म्हणून बसला होता १८ वर्षांचा सोइचिरो. इंजिन मॉडिफाय करायचं वेड तिथून लागलं. १९३६ मध्ये स्वतः तयार केलेली फोर्ड इंजिनची गाडी शर्यतीत पळवताना मोठा अपघात झाला. ते आणि त्यांचा भाऊ, दोघेही जखमी झाले.

मग त्यांनी पिस्टन रिंग बनवायला घेतल्या. दिसायला साधं कडं, पण सिलेंडरमधला दाब तेच धरून ठेवतं. हाताला एवढी सवय असूनही रिंग जमेना. टोयोटाकडे ५० रिंग तपासायला दिल्या, पास झाल्या फक्त तीन. होंडांनी इथे अंदाज थांबवले. तिशी ओलांडलेला, कारखाना चालवणारा हा माणूस हमामात्सुच्या तंत्रशिक्षण संस्थेत पोरांबरोबर वर्गात जाऊन बसला. रिंगच्या धातूची तपासणी झाली तेव्हा कळलं, त्यात सिलिकॉन कमी पडतंय. हे कानाला ऐकू येणारं नव्हतं, डोळ्याला दिसणारंही नव्हतं. परीक्षा त्यांनी दिल्या नाहीत, त्यामुळे पदवी मिळाली नाही. रिंग मात्र जमली.

१९४५ च्या भूकंपात कारखाना पडला. त्यांनी तो धंदा विकला आणि १९४६ मध्ये सैन्याच्या वायरलेस सेटची छोटी जनरेटर इंजिनं सायकलींना बसवायला सुरुवात केली. १९४८ मध्ये होंडा मोटर कंपनी उभी राहिली, १९५८ मध्ये सुपर कब आली आणि १९६१ मध्ये आयल ऑफ मॅनच्या शर्यतीत १२५ आणि २५० सीसी, दोन्ही गटांत होंडा पहिली आली.

आणि इथेच ते चुकले. इंजिन हवेवरच थंड झालं पाहिजे, पाण्याची भानगड नको, असा त्यांचा हट्ट होता. इंजिनियर वेगळं सांगत होते. १९६८ च्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये एअर-कूल्ड फॉर्म्युला वन गाडी उतरवली. टीमचे मुख्य ड्रायव्हर जॉन सर्टीज यांनी ती तयार नाही म्हणून चालवायला नकार दिला. दुसरे ड्रायव्हर जो श्लेसर ती घेऊन उतरले. ओल्या ट्रॅकवर गाडी घसरली, पेटली आणि ते गेले. अपघात एअर-कूलिंगमुळेच झाला असं म्हणता येणार नाही. पण गाडी तयार नाही असं सांगणारा माणूस टीममध्ये होता, आणि तरी ती उतरली.

होंडांनी हट्ट सोडला तो त्यानंतरही काही काळानं. मग तरुण इंजिनियरांनी पाण्यावर थंड होणारं सीव्हीसीसी इंजिन केलं, ते १९७२ मध्ये जाहीर झालं. त्यातली गंमत बघा. हवा जास्त आणि पेट्रोल कमी असलं की धूर कमी विषारी होतो, पण असं मिश्रण नीट पेट घेत नाही, इंजिन मिसिंग करतं. म्हणून त्यांनी एक छोटी खोली वेगळी ठेवली. तिथे पेट्रोल जास्त असलेलं मिश्रण आधी पेटतं आणि त्या ज्वाळेनं बाकीचं पातळ मिश्रण पेटतं. अमेरिकेचे कडक प्रदूषण नियम या इंजिननं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर न लावता पूर्ण केले. १९७३ मध्ये होंडा अध्यक्षपदावरून बाजूला झाले. १९९१ मध्ये ते वारले.

ते पातळ मिश्रणाचं वाचलं आणि माझी ट्यूब पेटली. ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर लावून मोबाईलवर ‘फ्युएल ट्रिम’ पाहिलं. म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय, तो आकडा. उभ्या गाडीत अधिक २०, आणि २,५०० आरपीएमला फक्त अधिक ४. माझ्या गाडीत हवा मोजणारा एमएएफ सेन्सर आहे. त्याच्या पुढे कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरत होती. आयडलला इंजिन मुळातच थोडी हवा घेतं, तेव्हा ही चोरटी हवा जड पडते. रेस दिली की तिचा हिस्सा नगण्य होतो.

गॅरेजमध्ये धूर सोडून तपासलं. मी स्वतः बसवलेल्या मॅनिफोल्डचं गॅस्केट एका कोपऱ्यात नीट बसलं नव्हतं. बदलल्या पार्टपैकी एकही खराब नव्हता!

ईसीयूमधला आयडल मी परत होता तिथे आणला. तुमच्या गाडीचा काटा नाचत असेल तर पार्ट मागवण्याआधी हे दोन आकडे बघा: एक आयडलला, एक २,५०० ला. दोन्हीकडे आकडा सारखाच जास्त असेल, तर आधी फ्युएल पंप, फिल्टर आणि एमएएफ सेन्सर तपासा. आणि गाडी तयार नाही असं कोणी सांगत असेल, तर त्या दिवशी आईला घेऊन जंगलाच्या रस्त्याला लागू नका.