स्वतः हायलँडचा नसलेल्या लेखकाने अख्ख्या स्कॉटलंडला किल्ट नेसवला

आज एडिनबरात लग्न निघालं की नवरदेव मित्रांना घेऊन किल्ट भाड्याने देणाऱ्या दुकानात माप द्यायला जातो. किल्ट, जॅकेट, कमरेला लटकणारी चामड्याची थैली, मोज्यात खोचायचा छोटा सुरा असा सगळा सेट मिळतो. लग्न उरकलं की परत द्यायचा. घरचा किल्ट म्हणजे वेगळं प्रकरण. साधारण 8 वार लोकरी कापड आणि हाताने घातलेल्या चुण्या. असा किल्ट बापाकडून पोराकडे जातो, आणि त्याचा मालक भाड्याच्या किल्टकडे बघून नाक मुरडतो.

हा खरा-खोटा वाद आजचा नाही. 200 वर्षांपूर्वी तो पेटला तेव्हा मधोमध एक कादंबरीकार उभा होता, सर वॉल्टर स्कॉट.

स्कॉटचा जन्म 15 ऑगस्ट 1771 चा, एडिनबरातला. दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला आणि उजवा पाय कायमचा अधू झाला. हवापालटासाठी त्याला आजोबांच्या शेतावर पाठवलं, इंग्लंडच्या सीमेलगत. तिथे त्याने लढायांच्या आणि लुटालुटीच्या गोष्टी ऐकल्या. पुढे वकील झाला, पण त्या गोष्टी काही डोक्यातून गेल्या नाहीत.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. स्कॉट सखल भागातला माणूस. किल्ट हा उत्तरेतल्या डोंगराळ हायलँडचा वेष. लांबच लांब कापडाच्या चुण्या घालून पट्ट्याने आवळायचं, उरलेलं खांद्यावर टाकायचं. शिवलेला आखूड किल्ट 18 व्या शतकात आला. नेसायची नऊवारी आणि शिवलेली नऊवारी, असाच फरक म्हणा ना. सखल भागातले लोक हा वेष रानटी समजायचे.

1745 साली हायलँडच्या टोळ्यांनी राजाविरुद्ध बंड केलं आणि ते चिरडलं गेलं. मग कायदा झाला. 1747 पासून हायलँडच्या पुरुषांना हा वेष बंद. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने कैद, पुन्हा सापडला तर सात वर्षं हद्दपारी. सूट फक्त लष्करात भरती झालेल्यांना. 1782 मध्ये बंदी उठली, पण तोवर एक पिढी किल्टविना मोठी झाली होती.

याच बंडावर स्कॉटने 1814 मध्ये निनावी कादंबरी लिहिली, 'वेव्हर्ली'. पुस्तक तुफान खपलं. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांची तुलना स्कॉटशी व्हायची ती उगाच नाही.

मग आला ऑगस्ट 1822. राजा चौथा जॉर्ज एडिनबरला येणार होता. सुमारे 170 वर्षांत गादीवरचा राजा तिकडे फिरकलाच नव्हता. स्वागताची जबाबदारी स्कॉटवर आणि हातात जेमतेम काही आठवडे. त्याने ठरवलं, सगळं हायलँडी थाटात करायचं. कोणी काय घालावं याची पुस्तिकाच छापली. विणकरांकडे चौकड्यांच्या टार्टन कापडाची झुंबड उडाली. ज्यांचे आजोबा किल्टला हसायचे, ते शिंप्यांकडे रांगा लावू लागले. राजानेही 1,354 पौंडांचा पोशाख शिवून घेतला आणि आखूड किल्टखाली गुलाबी तंग विजार चढवली! लंडनचा एक जाडजूड माजी महापौरही तसाच नटून आला. व्यंगचित्रकारांची चंगळ झाली. स्कॉटने स्वतः कॅम्पबेल टार्टन घातलं, पणजी त्या कुळातली म्हणून.

राजा बोटीवरून ज्या पेल्यातून प्यायला, तो पेला स्कॉटने आठवण म्हणून मागून खिशात टाकला. घरी गेल्यावर विसरून त्यावरच बसला.

ग्लेनगॅरीचा टोळीप्रमुख मॅकडोनेल मात्र भडकला. अस्सल हायलँडरांसाठी त्याने आधीच संस्था काढली होती. सखल भागातल्या हौशी मंडळींना हा वेष घालायचा हक्कच नाही, असं त्याचं म्हणणं. मुद्दा बिनतोड वाटतो. पण याच मॅकडोनेलच्या जमिनीवरून कुळं हुसकावली जात होती. कित्येकांनी कॅनडाची वाट धरली. शहरात किल्ट मिरवत होता आणि ज्यांचा तो होता ती माणसं मेंढ्यांसाठी घरं सोडत होती. स्कॉटच्या सोहळ्यात याला जागा नव्हती, ही त्याच्या नावावरची उधारीच.

गंमत म्हणजे फसवणूक कुठे आहे हे त्याला कळत होतं. 1829 मध्ये, प्रत्येक कुळाचं टार्टन सांगणारं एक जुनं हस्तलिखित सापडल्याचा दावा दोन भावांनी केला. सखल भागातल्या घराण्यांचीही टार्टनं त्यात होती. स्कॉटने ते साफ झिडकारलं. ते बनावट निघालं, पण दुकानांत प्रत्येक आडनावाचं टार्टन आजही मिळतं.

तोवर तो स्वतःच बुडाला होता. 1826 मध्ये त्याचे प्रकाशक आणि छापखाना कोसळले, डोक्यावर सव्वा लाख पौंडांच्या आसपास कर्ज आलं. दिवाळखोरी न घेता लिहून फेडायचं ठरवलं आणि तब्येत संपेपर्यंत लिहीत राहिला. 21 सप्टेंबर 1832 ला तो गेला. उरलेलं कर्ज पुस्तकांच्या हक्कांतून फिटलं.

एडिनबरच्या भर रस्त्यात त्याचं 61 मीटर उंच स्मारक आहे. आत संगमरवरी स्कॉट बसलाय, पायाशी त्याचा लाडका कुत्रा. त्याच्या अंगावर किल्ट नाही, सीमाभागातल्या मेंढपाळांची घोंगडी आहे.