पाटीलबाबांची माघार

महादजी शिंद्यांचे चरित्र सांगताना आपण बहुधा दिल्लीपासून सुरुवात करतो. मला मात्र ते पानिपतापासून सांगावेसे वाटते. १४ जानेवारी १७६१ रोजी एका दिवसाच्या लढाईत मराठ्यांची एक पिढी कापली गेली. पाठलागात महादजींच्या पायावर घाव बसला व ते जन्माचे अधू झाले. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना वाचविले; त्याला त्यांनी पुढे भाऊ मानले आणि सरदारकीला चढविले. सर्वस्व एका डावावर लावू नये, हा धडाही त्या दिवसानेच त्यांना दिला असावा.

१७७९ च्या जानेवारीत इंग्रज फौज घाट चढून पुण्याकडे निघाली. मराठ्यांनी निर्वाणीची लढाई टाळली, वाटेवरचा दाणा-चारा जाळला, रसद तोडली आणि परतणाऱ्या फौजेला वडगावास कोंडून तह करावयास लावले. पुढे १७८१ त माळव्यात इंग्रजांकडून मार बसला, तेव्हा हट्टास न पेटता महादजींनी बोलणी धरली. आपल्या ग्वाल्हेरजवळच्या सालबाई येथे १७ मे १७८२ रोजी तह झाला आणि त्याच्या पालनाचे जामीन महादजीच ठरले.

खरी कसोटी १७८७ त लालसोटला लागली. राजपुतांशी गाठ पडलेली, हमदानी फितूर झालेला, आणि पगार थकलेल्या बादशाही पलटणी तोफांसह शत्रूकडे गेलेल्या. अशा वेळी अब्रूखातर पुन्हा झुंज घेणारे सरदार आपल्याकडे थोडे नव्हते. महादजी शिस्तीने मागे सरले, चंबळेच्या अलीकडे आले आणि नव्याने फौजेची जुळवाजुळव करू लागले.

या सबुरीला किंमत पडली, हेही सांगितले पाहिजे. १७८८ च्या ऑगस्टात गुलाम कादिराने दिल्लीत शाहआलम बादशहाचे डोळे काढले. त्या वेळी महादजींची फौज तेथे नव्हती. परंतु फौज शाबूत होती म्हणूनच त्याच वर्षी दिल्ली परत हाती आली व गुलाम कादिर पकडला गेला. १७९० त डी बॉयनच्या कवायती पलटणींनी पाटण व मेडता येथे लालसोटचा हिशेब चुकता केला.

इतके वैभव मिळूनही ते स्वतःला पाटीलच म्हणवीत. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीस त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या विजयांच्या यादीत मी लालसोटची माघारही धरतो. ती नसती, तर पुढची नावे त्या यादीत आलीच नसती.