खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (१५ जानेवारी, १९२६ - १४ ऑगस्ट, १९८४) हे भारतीय कुस्तीगीर होते. १९५२ सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवून ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेते ठरले.

बालपण आणि तालीम

सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर या गावी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब हेही मल्ल होते. कराडच्या टिळक हायस्कूलनंतर खाशाबांनी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिक्षण घेतले. ज्या तालीम परंपरेत ते घडले, तिच्यात लढतीपूर्वी अंग तापविण्याची रीत ठरलेली होती: फावड्याने हौदा उकरणे, जोर आणि बैठका. बैठकेत टाचा उचलून भार चवड्यांवर घेतला जातो, त्यामुळे घोटे, पोटऱ्या व मांड्या एकत्र तयार होतात. मऊ मातीत तोल सांभाळण्यास हीच तयारी लागते. ढाक हा खाशाबांचा हुकमी डाव होता आणि रोवलेल्या पायाविना तो साधत नाही.

ऑलिंपिक

१९४८ साली लंडनला ते प्रथमच मॅटवर उतरले. मातीत घडलेल्या पायांना तो पृष्ठभाग परका होता. तरीही फ्लायवेट गटात त्यांना सहावे स्थान मिळाले. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, गावकऱ्यांनी वर्गणी काढली. बँटमवेट गटात कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना हरवून खाशाबा अंतिम तिघांत पोहोचले. तेथे जपानचे शोहाची इशी यांच्याशी दीर्घ झुंज झाली. इशी मूळचे जूदोपटू. युद्धानंतर जपानमध्ये जूदोवर बंदी आल्यावर ते कुस्तीकडे वळले होते. प्रतिस्पर्ध्याचा पाय झाडून त्याचा तोल घालविण्याच्या डावांचा जूदोत स्वतंत्र वर्गच आहे. ही लढत इशींनी जिंकली व पुढे सुवर्णपदकही मिळविले. त्यानंतर सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव यांच्याशी लढण्यापूर्वी खाशाबांना नियमानुसार मिळणारी अर्ध्या तासाची विश्रांती मिळाली नाही. दाद मागण्यास भारतीय अधिकारी उपस्थित नव्हता, आणि थकलेले खाशाबा ती लढत हरले.

नंतरचे जीवन

परतल्यावर कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांनी कुस्त्यांची दंगल भरवून खर्डेकरांचे घर सोडवून दिले. १९५५ साली ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकपूर्वी गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि तिसरे ऑलिंपिक हुकले. १९८४ साली रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर, २००१ साली देण्यात आला.