मठाधिपति सुझे व सेंट डेनिसचें देऊळ

उंच टोंकदार कमानींचीं व रंगीत कांचांच्या विस्तीर्ण खिडक्यांचीं जीं देवळें आज गॉथिक या नांवानें ओळखलीं जातात, त्यांचा उगम कोठें झाला असें कोणीं विचारल्यास पॅरिस शहराच्या उत्तरेस असलेल्या सेंट डेनिसच्या मठाकडे बोट दाखवावें लागतें. तें काम ज्यांनीं करविलें त्या मठाधिपति सुझे यांचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों. देऊळ बांधणाऱ्याला लोक दोन प्रश्न नेहमीं विचारतात. पैसा कोठून आणणार? आणि इतका खर्च कशाला? सुझे यांनाही ते चुकले नाहींत.

त्यांचा जन्म सुमारें सन १०८१ चा. कुळ सामान्य. मुलगा दहा वर्षांचा झाला न झाला तोंच आईबापांनीं त्याला संत डेनिसच्या वेदीपाशीं अर्पण केलें, आणि तेव्हांपासून मठ हेंच त्याचें घर झालें. जो पुढें सहावा लुई म्हणून गादीवर आला तो राजपुत्रही याच मठांत शिकला होता. त्या ओळखीचा पुढें दृढ स्नेह झाला. सुझे अंगानें लहानखुरे, प्रकृतीनें नाजूक, परंतु स्मरणशक्ति तल्लख व कारभाराची हातोटी विलक्षण. तूरी येथील मठाच्या जमिनींना लुटणाऱ्या ल प्युझेच्या सरदाराशीं ते राजाच्या साह्यानें झुंजले, आणि ओसाड पडलेलीं शेतें त्यांनीं पुन्हां पिकाखालीं आणिलीं. सन ११२२ मध्यें पोपमहाराजांच्या भेटीहून परत येत असतां वाटेंतच त्यांना कळलें कीं, वृद्ध मठाधिपति निवर्तले असून बंधूंनीं आपलीच निवड केली आहे. राजाची संमति न घेतल्यामुळें तो रागावला होता. निरोप घेऊन गेलेल्यांना त्यानें कैदेंतही टाकलें होतें. पण तो राग टिकला नाहीं. मठाधिपतीचा अभिषेक होण्याच्या आदल्या दिवशीं सुझे यांस गुरुदीक्षा मिळाली.

आरंभींचीं वर्षें फारशीं भूषणावह नव्हतीं. मठाच्या आवारांत शिपाई व दरबारी लोकांची वर्दळ असे, आणि स्वतः मठाधिपति मोठ्या लवाजम्यानिशीं हिंडत. संत बर्नार्ड यांच्या तिखट लेखणींतून हें सुटलें नाहीं. सन ११२७ च्या सुमारास सुझे यांनीं स्वतःपासून आरंभ करून मठाची शिस्त सुधारली, तेव्हां त्याच बर्नार्ड यांनीं पत्र पाठवून त्यांचें अभिनंदन केलें. तथापि एक डाग येथें झांकून ठेवूं नये. सन ११२९ मध्यें आर्जांतेय येथील जोगिणींचा मठ आपल्या मठाचाच आहे असें दस्तऐवज दाखवून सुझे यांनीं सिद्ध केलें, आणि त्या भगिनींना तेथून बाहेर पडावें लागलें. तें दस्तऐवज इतिहासकारांना आज संशयास्पद वाटतात. मठाच्या प्रेमापोटीं माणूस काय करील याचा नेम नसतो.

आतां देवळाकडे वळूं. जुनें देऊळ सन ७७५ मध्यें सम्राट शार्लमेन यांच्या उपस्थितींत अभिषिक्त झालेलें. यात्रेकरूंना तें पुरेनासें झालें होतें. सणाच्या दिवशीं इतकी चेंगराचेंगरी होई कीं, स्त्रियांना पुरुषांच्या डोक्यांवरून वेदीकडे जावें लागे, व पवित्र अवशेष दाखविणाऱ्या बंधूंना ते घेऊन खिडकींतून पळ काढण्याचा प्रसंग येई. हें सारें सुझे यांनीं स्वतः लिहून ठेविलें आहे. प्रथम त्यांनीं पश्चिमेकडील दर्शनी भाग हातीं घेतला. तीन दरवाजे, सोनेरी मुलाम्याचीं ब्राँझचीं दारें व वर चक्राकार खिडकी असें तें काम होतें. त्याचा अभिषेक ९ जून ११४० रोजीं झाला.

या कामाच्या हकीकती वाचण्यासारख्या आहेत. खांबांसाठीं रोमहून प्राचीन संगमरवर आणविण्याचा त्यांचा बेत होता, तोंच जवळ पाँत्वाज येथें उत्तम दगडाची खाण सांपडली. थोर व सामान्य सर्वांनीं खांद्याला दोर लावून खांब वर ओढले. एकदां पावसामुळें गाडीवान आडोशाला गेले असतां अवघ्या १७ अशक्त माणसांनीं व मुलांनीं दगड ओढून काढला. छताला लांबलचक तुळया हव्या होत्या. पॅरिसचे सुतार म्हणाले, या भागांत तसें झाड उरलेंच नाहीं. रात्रीं प्रार्थनेनंतर बिछान्यावर पडल्या पडल्या सुझे यांनीं ठरविलें कीं, आपणच रान पाहावें. पहांटे सुतारांना घेऊन ते निघाले. रानरक्षक त्यांना हंसले. पण तिसऱ्या प्रहरापर्यंत १२ तुळयांचीं झाडें सांपडलीं, आणि तितकींच हवीं होतीं.

गाभाऱ्याचा पाया १४ जुलै ११४० रोजीं घातला गेला व ३ वर्षें ३ महिन्यांत काम उभें राहिलें. जुन्या पद्धतींत छताचा सारा भार भिंती सोसत. म्हणून भिंती जाड, खिडक्या लहान व आंत काळोख. टोंकदार कमान तो भार अधिक सरळ खालीं नेते, आणि छताच्या फांसळ्या तो निवडक खांबांवर आणून सोडितात. मग मधल्या भिंतीला काम उरत नाहीं, व तेथें कांच बसवितां येते. फांसळ्या इंग्लंडांत डरहॅम येथें होत्या, टोंकदार कमानी बर्गंडींत होत्या. दोहोंचा मेळ घालून गाभाऱ्याभोंवतीं दुहेरी प्रदक्षिणामार्ग व प्रकाशानें भरलेल्या लहान वेदीशाळा रचणें हें सेंट डेनिस येथील नवल. दृश्य उजेडावरून मन अदृश्य प्रकाशाकडे चढतें, ही सुझे यांची श्रद्धा होती. ज्या मुख्य गवंड्याच्या हातून हें घडलें त्याचें नांव मात्र त्यांनीं कोठेंच लिहिलें नाहीं. स्वतःचें नांव देवळांत अनेक ठिकाणीं कोरविणाऱ्याकडून एवढें व्हावयास हवें होतें.

काम अर्धवट असतां मोठें वादळ झालें. चार्त्र येथील बिशप झोफ्र्वा मुख्य वेदीवर मिस्सा करीत होते. वर आधाराविना उभ्या असलेल्या नव्या कमानी हालूं लागल्या. बाळ येशूला हातीं घेणाऱ्या वृद्ध शिमोनाच्या बाहूचा अवशेष बिशपांनीं त्यांच्याकडे पुनःपुन्हां उंचावला. भोंवतालच्या भक्कम इमारती पडल्या, कमानी राहिल्या. ११ जून ११४४ रोजीं राजा सातवा लुई व राणी एलिनोर यांच्या समक्ष आर्चबिशप व बिशप मिळून १९ जणांनीं २० वेद्यांचा अभिषेक केला.

खर्चाचा प्रश्न उरतोच. सोनें व रत्नें देवळांत कशाला, गरीब उपाशी असतां भिंती कां सजवाव्या, असें बर्नार्ड यांच्या पंथाचें मत. आम्हांस तें सहज झिडकारतां येत नाहीं. सुझे यांची समजूत अशी कीं, ख्रिस्ताचें रक्त ज्या पात्रांत येतें त्याला उत्तमांतील उत्तम द्रव्यही कमीच. मौज अशी कीं, सुझे यांना हवीं असलेलीं रत्नें विकावयास आले ते बर्नार्ड यांच्याच पंथाचे व इतर मठांचे बंधु. भिक्षेंत मिळालेलें तें धन त्यांना नको होतें. सुझे यांनीं तीं रत्नें त्या काळच्या ४०० फ्रेंच पौंडांस घेतलीं व किंमतीहून पुष्कळ स्वस्त मिळालीं असें नमूद केलें. मात्र ही उधळपट्टी त्यांनीं स्वतःसाठीं केली नाहीं. त्यांची खोली सुमारें १० फूट रुंद व १५ फूट लांब. निजावयास गवत व त्यावर लोंकरीचें कांबळें. क्लूनीचे मठाधिपति पीटर सारें वैभव पाहून शेवटीं त्या खोलींत आले आणि लज्जित झाले.

सन ११४७ ते ११४९ राजा दुसऱ्या क्रूसयुद्धावर गेला असतां राज्य याच खोलींतून चाललें. सुझे १३ जानेवारी ११५१ रोजीं वारले. त्यांच्या गाभाऱ्याचा वरचा भाग सन १२३१ नंतर नव्यानें बांधण्यांत आला; सन १७९३ मध्यें क्रांतिकारकांनीं तेथील राजांच्या कबरी उकरल्या. सुझे यांचें रत्नजडित मिस्सापात्र आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयांत आहे, व गरुडाच्या आकाराचें पात्र पॅरिसच्या लूव्हरमध्यें. परंतु प्रदक्षिणामार्ग त्यांच्याच काळचा उभा आहे. त्यांतील एका खिडकींत देवदूत मरियेला निरोप सांगत आहे, आणि तिच्या पायांशीं झग्यांतला एक लहानसा मठवासी पालथा पडला आहे. तेच सुझे.