चार भावंडांतली धाकटी : मुक्ताबाई



साहसाची गोष्ट कुणाला आवडत नाही? आईबाप नसलेली भावंडे, त्यांच्या वाईटावर टपलेली माणसे, वाघ, गुहा, लांबचा पायी प्रवास आणि शेवटी मुलांनीच हुशारीने केलेली मात. असे पुस्तक हाती आले की आई जेवायला बोलावते तरी उठवत नाही. जगातल्या पुष्कळ भाषांत अशा कादंबऱ्या आहेत. पण अशीच एक हकीकत आपल्या महाराष्ट्रात सातशे वर्षांपूर्वी घडून गेली. ती भावंडे चार होती. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता. ज्ञानदेवांविषयी आपण नेहमी ऐकतो. आज त्यांच्या धाकट्या बहिणीची, मुक्ताबाईची माहिती घेऊ या.

त्या काळी देवगिरीला यादवांचे राज्य होते. गोदावरीच्या काठी, पैठणजवळ आपेगाव आहे. तिथले विठ्ठलपंत कुलकर्णी हे या मुलांचे वडील. आई रुक्मिणीबाई ही आळंदीची. लग्न झाल्यावर विठ्ठलपंतांचे मन संसारात रमेना. ते काशीला गेले आणि तिथे त्यांनी संन्यास घेतला. घरी बायको आहे ही गोष्ट त्यांनी गुरूंना सांगितलीच नव्हती. पुढे गुरूंना ती कळली. त्यांनी विठ्ठलपंतांना घरी परत जायला सांगितले. गुरूंची आज्ञा मानून ते आळंदीला आले व पुन्हा संसार करू लागले.

झाले! गाव खवळले. संन्यासी माणूस परत संसारात येतो म्हणजे काय? गावाने त्या घराला वाळीत टाकले. वाळीत टाकणे म्हणजे त्यांच्याशी बोलायचे नाही, त्यांना पंगतीला बोलवायचे नाही, त्यांच्या हातचे पाणी प्यायचे नाही. अशा घरात ही चार मुले जन्मली. रूढ समजुतीप्रमाणे निवृत्तींचा जन्म इ. स. १२७३ चा, ज्ञानदेवांचा १२७५ चा, सोपानांचा १२७७ चा आणि मुक्ताबाईचा १२७९ चा. म्हणजे दर दोन वर्षांनी एक भावंड. लोक त्यांना संन्याशाची पोरे म्हणून हिणवीत. मुलांचा यात काय दोष होता, ते तुम्हीच सांगा.

या कथेत वाघही आहे बरं का! एकदा विठ्ठलपंत सगळ्यांना घेऊन त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला गेले होते. रानात वाघ आला. सगळ्यांची पळापळ झाली. त्या गडबडीत निवृत्ती चुकले आणि एका गुहेत शिरले. गुहेत गहिनीनाथ नावाचे योगी बसलेले होते. त्यांनी निवृत्तींना जवळ घेऊन आपली विद्या दिली, असे सांगतात. ही विद्या पुढे फार उपयोगी पडली. गावात या मुलांना कोण शिकवणार? मग थोरल्या भावानेच धाकट्या तिघांना शिकवले. घर हीच त्यांची शाळा आणि दादा हेच त्यांचे गुरुजी.

मुलांच्या मुंजीची वेळ आली तेव्हा विठ्ठलपंतांनी गावातल्या शास्त्री मंडळींना विनवले. मला काय ती शिक्षा द्या, पण मुलांना जवळ करा, असे त्यांचे म्हणणे होते. शास्त्री मंडळींनी सांगितले की या दोषाला देहान्ताशिवाय प्रायश्चित्त नाही. मुलांचे तरी भले होईल या आशेने आईवडिलांनी नदीत आपले देह अर्पण केले. मुक्ताबाई तेव्हा अगदी लहान होती. तिच्या वयाची मुले आज पहिली-दुसरीत बसतात.

आईवडील गेले, पण दारे उघडली नाहीत! मुलांना सांगण्यात आले की पैठणला जा आणि तिथल्या पंडितांकडून शुद्धिपत्र आणा. आळंदीहून पैठण कितीतरी दिवसांची वाट. तेव्हा मोटार नाही, आगगाडी नाही. चार अनाथ मुले पायी निघाली. पैठणला ज्ञानदेवांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. ही कथा तोंडोतोंडी आलेली आहे. पण तिच्यातला प्रश्न आजही विचारण्यासारखा आहे. माणूस असो की जनावर, सगळ्यांत एकच जीव आहे ना? मग माणसाने माणसाला दूर का लोटावे?

या गोष्टीत कुणी राक्षस नाही, दरोडेखोर नाही. ज्यांनी मुलांना छळले ती गावातलीच, शेजारपाजारची माणसे होती. आपण धर्मच पाळतो आहोत असे त्यांना वाटत होते. राक्षसाशी तलवारीने लढता येते. शेजाऱ्याशी कसे लढणार? त्याच्याच गावात राहायचे, त्याच्याच विहिरीवर पाणी भरायचे.

मांड्यांची कथा ऐका. मुक्ताबाईने एकदा मांडे करायचे ठरवले. मांडे भाजायला चुलीवर उपडे खापर लागते. आपल्या विदर्भातल्या आया-आज्यांना ते चांगले ठाऊक आहे. मुक्ताबाई कुंभाराकडे गेली, पण विसोबा नावाच्या गृहस्थाने तिला खापर मिळू दिले नाही. बिचारी रडत घरी आली. तेव्हा ज्ञानदेवांनी योगबळाने आपली पाठ तापवली व तिने पाठीवर मांडे भाजले, अशी आख्यायिका आहे. चोरून पाहणाऱ्या विसोबांना आपल्या वागण्याची लाज वाटली आणि ते या भावंडांना शरण गेले. पुढे हेच विसोबा खेचर संत नामदेवांचे गुरू झाले. छळणारा माणूससुद्धा बदलू शकतो.

आता मुक्ताबाईचे सर्वांत मोठे काम ऐका. एके दिवशी ज्ञानदेव भिक्षेला गेले असता लोकांनी त्यांचा घोर अपमान केला. ज्ञानदेव शांत स्वभावाचे खरे, पण त्या दिवशी त्यांचेही मन विटले. ते झोपडीत गेले, ताटी लावून घेतली आणि आत बसून राहिले. ताटी म्हणजे कुडाचे, काटक्यांचे दार. ते काही केल्या बाहेर येईनात.

विचार करा, त्या वेळी ही ताटी कायमची बंद राहिली असती तर? ज्ञानेश्वरी झाली नसती. पसायदान झाले नसते. आपण शाळेत रोज काय म्हटले असते? मनात राग धरून एक हुशार मुलगा अंधारात बसून राहिला असता आणि छळणारे जिंकले असते.

ताटीपाशी धाकटी मुक्ता उभी राहिली. तिने रडारड केली नाही. लोकांना शिव्याशापही दिले नाहीत. ती दारातून दादाला समजावू लागली. जग तापले तर तापू दे, साधूने आपण तापू नये, असे तिचे सांगणे होते. तिने एक साधा दाखला दिला. आपलेच दात आपल्या जिभेला चावले तर आपण दात पाडून टाकतो का? तसे हे लोकही आपलेच आहेत. मग त्यांच्यावर रुसून कसे चालेल? शेवटी ज्ञानदेवांनी ताटी उघडली. मुक्ताबाईच्या या रचना ताटीचे अभंग म्हणून प्रसिद्ध आहेत आणि आजही भजनात म्हटल्या जातात.

त्यानंतर काय झाले? भावंडे प्रवरेच्या काठी नेवाशाला राहिली. तिथे १२९० साली ज्ञानदेवांनी गीतेवर मराठीत सुमारे ९,००० ओव्यांची टीका सांगितली. तीच आपली ज्ञानेश्वरी. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. जे ज्ञान संस्कृतात होते, ते या मुलांनी सर्वांच्या बोलीत आणून ठेवले. तेव्हा ज्ञानदेव पंधरा वर्षांचे होते. आणि ज्ञानेश्वरीच्या शेवटी पसायदानात त्यांनी काय मागितले? दुष्टांचा नाश मागितला नाही. दुष्टांचा दुष्टपणा जावो, एवढेच मागितले. ताटीपाशी बहीण जे बोलली, तेच इथे उमटले असे वाटते.

मुक्ताबाईची जीभ मोठी सडेतोड होती हं! संत गोरोबा कुंभारांच्या घरी एकदा संत जमले होते. तिने गोरोबांना सांगितले की तुमच्या थापटण्याने बघा, यातली कोणती मडकी कच्ची आहेत. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटले. नामदेव चिडले, म्हणून ते मडके कच्चे ठरले! नामदेव तिच्यापेक्षा वयाने मोठे आणि मोठे भक्त, पण तिने भीड धरली नाही. चौदाशे वर्षांचे म्हटले जाणारे योगी चांगदेव यांनी कोरे पत्र पाठवले, तेव्हाही इतकी वर्षे जगून हे कोरेच राहिले असे ती म्हणाल्याची कथा आहे. पुढे त्याच चांगदेवांनी या लहान मुलीला गुरू केले.

१२९६ साली ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. थोड्याच दिवसांत सोपानदेव सासवडला गेले. पुढच्या साली, १२९७ च्या वैशाखात, तापीकाठी मेहूण येथे वीज कडाडली आणि मुक्ताबाई त्या लखलखाटात दिसेनाशी झाली. ती जेमतेम अठरा वर्षांची होती. त्यानंतर निवृत्तिनाथांनी त्र्यंबकेश्वरी समाधी घेतली. एका वर्षाच्या आत चौघे गेले. धाकट्यांना शिकवणारा थोरला भाऊ सर्वांत शेवटी गेला.

मेहूण दूर आहे असे समजू नका. धरमपेठेजवळून अमरावती रस्ता जातो. तो अमरावती, अकोला, खामगाव, मलकापूर करीत जळगाव जिल्ह्यात मुक्ताईनगरला पोचतो. या गावाचे आधीचे नाव एदलाबाद. मुक्ताबाईच्या नावावरूनच ते बदलले. तिथे जवळच कोथळी आणि मेहूण येथे तिची देवळे आहेत. दरवर्षी आषाढी वारीला मुक्ताईची पालखी तिथून निघते आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून पंढरपूरला जाते. ज्या मुलीला खापर मिळू दिले नाही, तिच्या पालखीला आज गावोगावचे लोक आपल्या घरची भाकर घेऊन सामोरे येतात.

मित्रांनो, आपल्याही शाळेत एखादे मूल डबा घेऊन एकटेच बाजूला बसते. कुणाच्या कपड्यांवरून, कुणाच्या बोलण्यावरून, कुणाच्या घरावरून आपण हसतो. त्याच्या मनाची ताटी हळूहळू बंद होत जाते, हे आपल्याला दिसतही नाही. तेव्हा मुक्ताबाई आठवावी. त्याच्याजवळ जाऊन बसावे, डबा वाटून खावा. यासाठी मोठे व्हावे लागत नाही. ती तर चौघांत सगळ्यांत लहान होती.

आणि पालकहो, ज्या मुलाशी खेळू नको असे आपण आपल्या मुलांना सांगतो, त्याचे नाव एकदा मनात आणून पाहावे, ही नम्र विनंती.